नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे : सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न आणि एका पंडिताचे जीवित

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांचा विचार करताना आपल्या वाङ्मयेतिहासकारांची दृष्टी प्रामुख्याने बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक या तीन नावांवर स्थिरावते. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा उल्लेख येतो तो बहुधा रमाबाईंच्या धर्मांतराच्या संदर्भात आणि एखाद्या वाक्यापुरता. याची कारणे उघड आहेत. गोऱ्हे यांचे घराणे कोकणस्थ ब्राह्मणाचे असले तरी त्यांचा जन्म बुंदेलखंडातला, घडण काशीची, आणि महत्त्वाचे लेखन संस्कृत, हिंदी व इंग्रजी या भाषांतले. शिवाय ते लेखन तर्ककर्कश आहे. ललित वाङ्मयाच्या कसोटीवर त्यास स्थान देणे कठीण. तथापि महाराष्ट्रातील धर्मविषयक वैचारिक गद्याचा आणि वादवाङ्मयाचा अभ्यास गोऱ्हे यांस वगळून पुरा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रस्तुत लेखात त्यांच्या समग्र चरित्राचा आढावा घेण्याचा हेतू नाही. त्यांच्या आयुष्यात आरंभापासून अखेरपर्यंत एक प्रश्न वावरताना दिसतो. त्या प्रश्नाच्या अनुरोधाने त्यांच्या जीविताची मांडणी येथे केली आहे. तो प्रश्न असा : ज्याचे तारण झाले नाही, अशा आत्म्याचे अखेर काय होते?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नास मुख्यतः तीन उत्तरे दिली गेली. पहिले व बहुमान्य उत्तर असे की, अंतिम न्यायानंतर पापी जीव नरकात सार्वकालिक शिक्षा भोगतो आणि त्या भोगास अंत नाही. दुसरे असे की, अमरत्व हा आत्म्याचा स्वभाव नसून ते ईश्वराचे देणे आहे. ज्याने ते नाकारले तो जीव अखेरीस नष्ट होतो. तिसरे असे की, शिक्षा ही शुद्धीसाठी असून शेवटी सर्वांचेच तारण होईल. हे तिसरे मत ओरिजेन या प्राचीन आचार्याच्या नावाशी निगडित आहे आणि त्याची शिकवण सहाव्या शतकात निषिद्ध ठरवली गेली. इंग्लंडच्या चर्चने १५५३ मध्ये केलेल्या ४२ सूत्रांत सर्वतारणवादाचा धिक्कार करणारे सूत्र होते. पुढे १५६३ मध्ये ही सूत्रे आटोपशीर केली गेली, तेव्हा ते सूत्र गळाले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज धर्मपंडितांनी या गळालेल्या सूत्राचा आधार घेऊन पुष्कळ वाद घातला. त्याच काळात हा वाद हिंदुस्थानात येऊन पोचला आणि येथे त्याची गाठ कर्मसिद्धांताशी पडली.

२

नीळकंठ शिवराम गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झांशीजवळील काशीपुरा या गावी झाला. त्यांचे आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी मोठ्या अधिकारावर होते. पुढे हे कुटुंब काशीस स्थायिक झाले. घरात संपन्नता होती आणि विद्येचा व्यासंगही होता. नीळकंठांचे अध्ययन पारंपरिक पद्धतीने झाले. व्याकरण आणि न्याय या दोन शास्त्रांत त्यांनी विशेष गती मिळवली. घराणे शैव असता विचारांती त्यांनी वैष्णव मताचा स्वीकार केला, ही बाब लक्षणीय आहे. कुलधर्म केवळ वारशाने आला म्हणून तो पत्करावा, ही वृत्ती त्यांची नव्हती. शास्त्र तपासावे, निर्णय करावा आणि मग त्या निर्णयास बांधून घ्यावे, हा त्यांचा पिंड तरुण वयातच दिसून येतो.

काशीच्या घाटांवर व रस्त्यांवर मिशनऱ्यांची प्रवचने त्या काळी नित्य होत. त्यांचे खंडन करावे या हेतूने हा तरुण शास्त्री चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊ लागला. त्यापूर्वी काही वर्षे, १८३९ मध्ये, कंपनी सरकारचे अधिकारी व संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता प्रतिपादिली होती. त्यास तीन पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली. पहिले सोमनाथ, म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू. दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरे नीळकंठ गोऱ्हे. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. १८४४-४५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तो सिद्ध झाला. सदाशिव कात्रे यांनी १९५१ मध्ये उज्जैन येथून त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या तिन्ही उत्तरांची साक्षेपी चिकित्सा केली. त्यामुळे हा वाद आता अभ्यासकांस सुलभ झाला आहे.

३

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ची भूमिका थोडक्यात अशी आहे. धर्माच्या सत्यासत्यतेचा निर्णय केवळ तर्काने होत नाही. तर्क हा शास्त्राचा अनुचर आहे, त्याचा स्वामी नव्हे. ज्या तर्काने मिशनरी आमच्या शास्त्रांत दोष दाखवितो, तोच तर्क त्याच्या शास्त्रास लावला तर तेथेही दोष दिसतात. यापुढे ग्रंथकाराने ते दोष क्रमाने दाखविले आहेत आणि त्यांत ईश्वराच्या न्यायाचा प्रश्न अग्रभागी आहे.

पूर्वजन्म नाही असे मानले, तर जन्मतः अंध किंवा रोगी असलेल्या बालकाचे दुःख कोणत्या कर्माचे फळ? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले? अल्प आयुष्यात घडलेल्या परिमित पापास अपरिमित काळाची शिक्षा कोणत्या न्यायाने योग्य ठरते? ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नावच पडले नाही, त्याच्या दंडाचे समर्थन कसे करावे? कर्मसिद्धांतात भोग कर्माच्या प्रमाणात असतो आणि भोग सरला की जीवास पुन्हा संधी मिळते. नरकदेखील तेथे अंतिम ठिकाण नसतो. या हिशेबी व्यवस्थेपुढे सार्वकालिक नरक ही कल्पना त्या तरुण नैयायिकास अन्यायाची वाटली, यात नवल नाही.

येथे एक अपवाद नोंदविणे आवश्यक आहे. वैष्णव संप्रदायांतच मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव स्वभावतःच अंधतमसास योग्य मानले असून त्यांस सुटका नाही. म्हणजे अनंत दंडाची कल्पना भारतीय दर्शनांस सर्वस्वी परकी होती, असे म्हणता येत नाही. तथापि मध्वमतात जीव अनादी आहे आणि त्याचा स्वभावही अनादी आहे. ईश्वराने तो शून्यातून निर्माण केलेला नाही. ख्रिस्ती मतात निर्माताही ईश्वर आणि दंड देणाराही तोच. त्यामुळे न्यायाचा प्रश्न तेथे अधिक तीव्र होतो.

४

याच शास्त्र्याने १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. बायबलातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली होती. खंडनासाठी हाती घेतलेला ग्रंथ त्यांनी पुन:पुन्हा वाचला आणि अखेर त्यालाच शास्त्र म्हणून स्वीकारले. बाप्तिस्म्याने शंका मिटल्या मात्र नाहीत. सी. ई. गार्डनर यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी चरित्रात गोऱ्हे यांच्या आयुष्यभराच्या मानसिक द्वंद्वाचे जे चित्र येते, ते कोणाही वाचकास अस्वस्थ करील.

या द्वंद्वाचे स्वरूप समजण्यासाठी धर्मांतराने त्यांना काय द्यावे लागले, हे ध्यानी घ्यावयास हवे. पितृगृह सुटले, जात सुटली. १८५३ मध्ये कन्येचा जन्म झाला आणि त्यानंतर लवकरच पत्नी निवर्तली. ही कन्या, एलेन लक्ष्मी गोऱ्हे, युरोपीय कुटुंबांत वाढली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ओळखली गेली. या साऱ्यापेक्षा कठीण गोष्ट निराळीच होती. स्वीकारलेल्या मताचा अर्थ काटेकोरपणे लावावयाचा, तर ज्या वडीलधाऱ्यांनी लहानाचे मोठे केले, ज्या गुरूंनी शास्त्र शिकविले, त्यांच्या मरणोत्तर गतीविषयी काय मानावयाचे? जन्मतः ख्रिस्ती असलेल्या इंग्रज धर्मपंडितास हा प्रश्न परमुलखातल्या अनोळखी माणसांचा वाटणे शक्य होते. गोऱ्हे यांच्यासारख्यास तो स्वतःच्या घरातील माणसांचा होता.

१८५४ मध्ये महाराजा दलीपसिंग यांच्या समवेत गोऱ्हे इंग्लंडला गेले. त्या भेटीत ऑक्सफर्ड येथे मॅक्स म्यूलर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. शुभवर्तमानात वाचलेला धर्म आणि प्रत्यक्ष इंग्लंडात दिसलेला समाज यांतील अंतर पाहून हा हिंदी ख्रिस्ती किती व्यथित झाला होता, हे म्यूलर यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. याच सुमारास तेथे आपल्या विषयाशी संबंधित असे प्रकरण ताजे होते. एफ. डी. मॉरिस या प्राध्यापकांनी सार्वकालिक या शब्दाचा अर्थ केवळ कालवाचक नाही, असे आपल्या निबंधांत मांडले आणि त्यापायी १८५३ मध्ये त्यांना लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पद गमवावे लागले. त्यापूर्वी १८४६ मध्ये एडवर्ड व्हाइट यांनी सशर्त अमरत्वाचे, म्हणजे पर्यायाने पाप्याच्या अंतिम नाशाचे मत ग्रंथरूपाने पुढे आणले होते. पुढे १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने इंग्लंडच्या चर्चमधील धर्मोपदेशकावर सार्वकालिक दंडाचे मत मानण्याची कायदेशीर सक्ती नाही, अशा आशयाचा निर्णय दिला. तेव्हा जवळजवळ ११,००० धर्मोपदेशकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या. त्या निषेधाच्या अग्रभागी ऑक्सफर्डचे डॉक्टर पुसी होते. गोऱ्हे पुढे चर्चच्या ज्या प्राचीनपरंपरावादी पक्षात गेले, तो पक्ष पुसींचाच होय.

५

हिंदुस्थानात परतल्यावर गोऱ्हे यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला. तो १८६० मध्ये कलकत्ता येथे प्रसिद्ध झाला आणि १८६२ मध्ये फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. षड्दर्शनांचे हे खंडन एका मुरलेल्या शास्त्र्याने केलेले असल्याने त्यास विशेष मोल आहे. यात न्यायदर्शनातील अनादी, अनुत्पन्न जीवाची कल्पना त्यांनी नाकारली. जीव ईश्वरनिर्मित आहे, हे ख्रिस्ती मत प्रस्थापित करण्यासाठी हे खंडन अपरिहार्य होते.

परंतु या टप्प्यावर एक तार्किक अडचण उद्भवते आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती कळीची आहे. न्यायशास्त्राचा सर्वमान्य नियम असा की, जो भावपदार्थ उत्पन्न होतो, तो नष्टही होतो. घट उत्पन्न होतो म्हणून फुटतो. जीव अनादी मानला तरच त्यास अनंत म्हणता येते. जीवाला आरंभ आहे असे एकदा मानले, की त्याचे अविनाशित्व सहज सिद्ध होत नाही. मग पापी जीवाचा अखेर नाश होतो हे मत नैयायिकाच्या बुद्धीस अधिक सोयीचे ठरावयास हवे. इतकेच नव्हे, तर शास्त्रवचनांतील सार्वकालिक नाश या कल्पनेची नीटस उपपत्तीही न्यायात उपलब्ध आहे. घटाच्या फुटण्याने जो प्रध्वंसाभाव निर्माण होतो, त्यास आरंभ असतो पण अंत नसतो, कारण फुटलेला तोच घट पुन्हा होत नाही. त्याप्रमाणे दंड परिणामाने सार्वकालिक, भोगाने नव्हे, असे म्हणता आले असते. सशर्त अमरत्ववाद्यांचा युक्तिवाद याहून फारसा वेगळा नाही. परिमित पाप आणि अपरिमित भोग यांतील विषमता, जी विसाव्या वर्षी गोऱ्हे यांना अन्यायाची वाटली होती, ती या मार्गाने दूर झाली असती.

गोऱ्हे या वाटेने गेले नाहीत. १८६८ मध्ये कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेज मुद्रणालयातून त्यांचा इंग्रजी निबंध बाहेर पडला. त्याचा विषय सार्वकालिक दंडाच्या कॅथलिक सिद्धांतावरील आक्षेप हा होता. येथे कॅथलिक याचा अर्थ रोमचे चर्च असा नसून प्राचीन, अविभक्त चर्चची परंपरा असा आहे. त्या सिद्धांताचा त्यांनी कैवार घेतला. ईश्वराचा दंड सुधारणेसाठीच असतो, असे मानणाऱ्या ब्राह्मसमाजीयांशी त्यांचा वाद या काळात सुरू होता. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेली मुंबई व पुणे येथील त्यांची चार व्याख्याने त्याच वादाचा पुढचा भाग होत. १८६८ मध्ये त्यांना डीकनची आणि १८७० मध्ये प्रीस्टची दीक्षा मिळाली.

आक्षेपकाचा समर्थक कसा झाला, याचे उत्तर त्यांच्या पहिल्याच ग्रंथात सापडते. तर्क शास्त्राचा अनुचर आहे, हे त्यांचे सूत्र धर्मांतराने बदलले नाही. फक्त शास्त्र बदलले. शास्त्रवचनाचा परंपरेने मान्य झालेला अर्थ आपल्या बुद्धीस रुचत नाही म्हणून तो वळवून घेणे, हे त्यांच्या लेखी अप्रामाणिकपणाचे होते. वेदवाक्याचा अर्थ सोयीने लावणाऱ्या सुधारकांवर काशीचा पंडित जो आक्षेप घेईल, तोच आक्षेप गोऱ्हे ब्राह्मसमाजावर आणि उदारमतवादी ख्रिस्त्यांवर घेतात. शब्दप्रमाण स्वीकारावयाचे तर ते अंशतः स्वीकारता येत नाही, ही त्यांची निष्ठा होती. चर्चच्या परंपरेकडे, तिच्या आचार्यांकडे व संमेलनांकडे त्यांचा ओढा वाढत गेला, त्याचेही मूळ येथेच आहे. बळवंत परडकर यांनी १९६९ मध्ये गोऱ्हे यांच्या ईश्वरविद्येवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यानंतरच्या मराठी अभ्यासकांनी त्यांच्या विचारातील या सातत्याकडे आणखी लक्ष देणे जरूर आहे.

६

१८७६ मध्ये गोऱ्हे दुसऱ्यांदा इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डजवळील कौली येथील सेंट जॉन संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पुण्याचे पंचहौद मिशन याच संघाशी निगडित होते. १८९० च्या चहापानामुळे ते नाव महाराष्ट्रास परिचित आहे. संन्यस्त वृत्तीने राहणारे, अत्यल्प गरजांचे फादर गोऱ्हे यांनी उत्तरायुष्य या संघाच्या छायेत घालविले. परंतु त्यांनी अंतिम व्रत कधीच घेतले नाही. अखेरपर्यंत ते उमेदवारच राहिले. आपल्या मनातील शंकांचे पूर्ण निरसन झाल्याविना कायमचे वचन देऊ नये, ही त्यांची सचोटी या गोष्टीत दिसते.

याच काळातील महत्त्वाची घटना म्हणजे पंडिता रमाबाईंवरील त्यांचा प्रभाव. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे गोऱ्हे यांच्या लेखनाचा हात होता. दोघांची पार्श्वभूमी सारखी : संस्कृत विद्या, शास्त्रार्थाची सवय, आप्तवियोग. पण पुढची वाट भिन्न झाली. चर्चने सांगितले म्हणून एखादे मत मान्य करण्यास रमाबाईंनी नकार दिला. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा नकार ठायी ठायी दिसतो. गोऱ्हे यांनी बुद्धीस जाचणारे मतही अधिकाराखातर पत्करले. रमाबाईंनी अधिकारच तपासावयास घेतला. एकाच परंपरेतून आलेल्या दोन पंडितांनी श्रद्धा आणि बुद्धी यांच्या संबंधाची दोन निराळी उत्तरे दिली. त्यांपैकी एकच खरे ख्रिस्ती, असे ठरविण्याचे कारण नाही.

७

गोऱ्हे यांचा प्रश्न त्यांच्यापुरताच नव्हता. अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम १८८६ मध्ये रजेवर स्वदेशी गेले असता, ज्यांना जिवंतपणी ख्रिस्ताची ओळख झाली नाही त्यांना मरणोत्तर संधी मिळेल, अशा आशेस त्यांनी जागा ठेवली. त्यावरून अमेरिकन बोर्डात मोठा वाद माजला. ह्यूम यांस हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही, हाच प्रश्न उपस्थित झाला. अखेर १८८७ मध्ये त्यांना परतण्याची मुभा मिळाली. मराठी मुलखात काम करणाऱ्या मिशनऱ्यास आपल्या परंपरेतील सर्वांत कठोर मताचा फेरविचार करावासा वाटला, ही घटना बोलकी आहे. विसाव्या वर्षी नीळकंठशास्त्र्यांनी विचारलेला प्रश्न चाळीस वर्षांनी मिशनच्या आतूनच विचारला गेला.

यास भाषेचाही एक पदर आहे. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी नरक हा शब्द स्वीकारला. या शब्दामागे पुराणांची कल्पना उभी आहे. भागवताच्या पंचम स्कंधात २८ नरकांची गणना आहे आणि ते सर्व भोगून संपणारे आहेत. माणदेशातील सांगोल्यासारख्या गावातून पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्याच्या कानी नरक हा शब्द पडला, तर त्यास अंत नसलेले ठिकाण अभिप्रेत होत नाही. त्याला भय असते ते जन्ममरणाच्या येरझारीचे, आणि संतांनी तर भक्तिसुखापुढे गर्भवासही गोड मानला. म्हणून भाषांतरकारांस सार्वकालिक हे विशेषण प्रत्येक वेळी जोडावे लागले. शब्द देशी आणि अर्थ परका, अशी ही स्थिती होती. गोऱ्हे यांच्या खंडनमंडनातील ताणाचे एक कारण या शब्दार्थाच्या विसंवादात शोधता येईल.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे गोऱ्हे यांचे निधन झाले. त्याच वर्षी १० फेब्रुवारीस नारायण वामन टिळकांनी मुंबईतच बाप्तिस्मा घेतला होता. टिळकांचे पुढील कार्य अहमदनगरास, ह्यूम यांच्या सहवासात झाले. टिळकांच्या अभंगांत व भजनांत नरकाच्या दंडापेक्षा ख्रिस्ताच्या सहवासाची ओढ प्रधान आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने येथून प्रमाणाची वाट सोडून भक्तीची वाट धरली. तिच्यावर सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न सुटला असे नाही, तो बाजूस पडला.

गोऱ्हे यांनी तो बाजूस पडू दिला नाही, यात त्यांचे वेगळेपण आहे. अंतिम नाशाचे मत त्यांच्या न्यायविद्येस जवळचे होते आणि सर्वतारणाचे मत त्यांच्या हृदयास दिलासा देणारे होते. दोन्ही सोडून त्यांनी सर्वांत जड मत उचलले, कारण शास्त्राचा अर्थ तोच आहे अशी त्यांची खात्री झाली होती. ही खात्री योग्य होती की नव्हती, हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावयाची ती अशी की, एकाच लेखकाने एकाच सिद्धांताचा पूर्वपक्ष संस्कृतात आणि उत्तरपक्ष इंग्रजीत मांडला, आणि दोन्हींमागील प्रमाणविचार मात्र काशीच्या पाठशाळेतला राहिला. हे दोन ग्रंथ समोरासमोर ठेवून मराठीत त्यांचे तौलनिक अध्ययन झाल्यास, एकोणिसाव्या शतकातील आपल्या वादवाङ्मयाचे आकलन अधिक नेमके होईल.